तडकलेल्या ट्रेमधली अंडी

बावड्यात माझं चिकन आणि अंड्यांचं दुकान आहे, आणि मला अंडी पचत नव्हती. एवढं साधं वाक्य दवाखान्यात सांगायला मला आठ महिने लागले. गावात सांगायचा तर प्रश्नच नव्हता. ज्याच्या स्वतःच्या पोटात अंडं टिकत नाही, त्याच्याकडून ट्रे न्यायला कोण येईल? म्हणून गप्प बसलो. त्या गप्प बसण्यानं काय काय झालं ते इथं लिहितोय. माझ्यासारखा कुणी डायलिसिसच्या मशीनवर असेल, ‘हे खा, ते खाऊ नका’ असा कागद हातात धरून बसला असेल, तर त्याला उपयोग व्हावा. शिकवायचं काही नाही. मी शहाणा असतो तर लिहायला काही उरलंच नसतं.

माझं नाव दस्तगीर. वय अठ्ठेचाळीस. आमचं घराणं मुलाण्याचं, त्यामुळे गावात कुणाच्याही घरी बकरं कापायचं असलं की बोलावणं आम्हालाच. मला एका जागी बसवत नाही. जेवतानासुद्धा मी दोनदा उठतो. बायको शमा म्हणते, तुमच्या पायाला भिंगरी आहे. अशा माणसाला आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, एक हात न हलवता पडून राहायची शिक्षा झाली.

*

सुरुवात पायापासून झाली. संध्याकाळी चप्पल काढली की पायावर पट्ट्यांचे वळ दिसायचे. दिवसभर उभं राहून होत असेल म्हणून सोडून दिलं. बीपीच्या गोळ्या मी दोन वर्षांपूर्वीच बंद केल्या होत्या, कारण त्रास काही नव्हता. मग सकाळी उलट्या सुरू झाल्या, तोंडाला चव राहिली नाही. सगळ्यात वाईट म्हणजे मांसाचा वास नकोसा झाला. ज्याचा जन्म त्या वासात गेला, तो माणूस दुकानात नाकाला रुमाल बांधून उभा राहू लागला.

इंदापूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि दुसऱ्या दिवशी सोबत कुणाला तरी घेऊन यायला सांगितलं. मी एकटाच गेलो. दोन्ही किडन्या जवळपास बसल्यात, असं ते सांगत होते. त्यांचं बोलणं संपायच्या आत मी उठलो. दुकान उघडायचंय, म्हणालो. त्यांनी शांतपणे बसायला सांगितलं. मी बसलो, पण खुर्चीच्या अगदी कडेला. नंतर ते काय बोलले त्यातलं निम्मं मला आठवत नाही. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली एका लहान मुलीचा फोटो होता, तो मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

बाहेर आलो, उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायलो आणि घरी न्यायला किलोभर डाळिंबं घेतली. ती आपल्याला खाता येणार नाहीत हे मला माहीत नव्हतं. शमाला सांगितलं तेव्हा ती डाळिंब सोलत होती. हातातलं खाली ठेवून तिनं एकच विचारलं, एकटे का गेलात. मी उठून दुकानात गेलो.

*

डायलिसिस बारामतीला. आमच्या शेजारचा नामदेव तिथल्या एमआयडीसीत एका डेअरीत कामाला आहे. त्याच्या घरी पूर्वी मेंढरं होती, आता तो डेअरीच्या गेटवर येणारं दूध तपासतो. पहिल्या पाळीला जाताना तो मला गाडीवर मागं बसवून न्यायचा. येताना मी एसटीनं. दीड वर्षात त्यानं एकदाही ‘आज जमणार नाही’ म्हटलं नाही. त्याची पाळी बदलली तरी कुणाशी तरी बदलून घ्यायचा, आणि ते मला दुसऱ्याच माणसाकडून कळायचं.

तिथं गेल्यावर पहिलं काम वजन. आयुष्यभर मी कोंबड्या काट्यावर टाकल्या, आता मला टाकत होते. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते त्यावरून कळतं. मग हातात दोन जाड सुया, आणि घड्याळ. समोरच्या भिंतीवरचं ते घड्याळ मी इतकं बघितलंय की त्याच्या काचेवरचा ओरखडासुद्धा मला पाठ आहे. शेजारचे लोक झोपायचे, मोबाईल बघायचे. मी पायाची बोटं हलवत बसायचो. सिस्टर म्हणायच्या, काका, जरा निवांत पडा. निवांत पडणं मला लहानपणापासून कुणी शिकवलंच नव्हतं.

तिथल्या आहाराच्या मॅडमनी कागद दिला. केळं नाही, टोमॅटो नाही, शहाळं तर अजिबात नाही. पालेभाजी उकळून पाणी टाकून द्यायची. डाळ मोजकी, दूध मोजकं, मीठ नावाला, पाणी दिवसभरात एवढंच. आता गंमत बघा, आमच्याकडे आजाऱ्याला बघायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, आणि आणतो काय तर शहाळी आणि केळी. पहिल्या महिन्यात आमच्या ओट्यावर शहाळ्यांचा ढीग लागला. घसा कोरडा पडलेला, हातात बर्फाचा एक खडा, आणि समोर पाहुणे माझ्यासाठी आणलेलं शहाळं माझ्याच बायकोच्या आग्रहानं पीत बसलेले.

त्या कागदावर एकाच गोष्टीला मोकळीक होती. अंड्याचं पांढरं, रोज चार. मशीनमध्ये अंगातली ताकद धुऊन जाते, ती अंड्यानं भरून काढायची. चिकन चाललं असतं, पण घास तोंडाजवळ नेला की ओकारी. मॅडम हसून म्हणाल्या, तुमचं तर दुकानच आहे, तुम्हाला काय कमी?

*

कमी काहीच नव्हतं. शमा रोज चार अंडी फोडायची, बलक मुलींच्या पोळीत घालायची आणि पांढरं तव्यावर मऊसर परतून मला द्यायची. मला गिळायला सोपं जावं म्हणून ती ते जेमतेम शिजवायची. मी दुकानातच उभ्यानं खायचो. तासाभरात पोट फुगायचं. मग कळा, मग धावपळ. कधी दिवस बरा जायचा, कधी तीन दिवस सलग बिघडायचं.

आधी मी मशीनला दोष दिला, मग गोळ्यांना. मग अंडी कुत्र्याला घालायला लागलो आणि शमाला खाल्ली म्हणून सांगायला लागलो. कुत्रं चांगलं गुटगुटीत झालं आणि माझी चोरी पकडली गेली. त्यानंतर ती मी शेवटचा घास गिळेपर्यंत समोर बसायची.

एक दिवस डायलिसिसच्या आडव्या खुर्चीवर दोन तास झाले असतील, आणि पोटात पिळा आला. मी सिस्टरना सोडवायला सांगितलं. त्यांनी भराभर हात चालवले, पण अंगाबाहेरचं रक्त परत आत घेतल्याशिवाय मशीन सोडता येत नाही. मला थांबता आलं नाही. पंधरा माणसांच्या खोलीत, भर सकाळी, माझे कपडे भरले. तिथल्या मावशींनी पडदा ओढला, मला पुसलं, चादर गुंडाळली. त्यांनी माझी पँट धुऊन पंख्याखाली वाळत घातली. मी रडत होतो आणि त्या मला विचारत होत्या, बावड्याचा बाजार कुठल्या वारी भरतो. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

त्या दिवसानंतर मला पोटापेक्षा पोटाची भीती जास्त झाली. डायलिसिसच्या आदल्या दिवशी मी काही खायचो नाही. तरी खुर्चीवर बसलं की आतून ढवळून यायचं आणि मी अडीच तासांत सोडवून घ्यायचो. अंगातलं पाणी तसंच राहायचं. मग एका सकाळी दुकानाचं शटर वर ढकललं आणि श्वासच घेता येईना. छातीत पाणी भरलं होतं. नामदेवनं त्या दिवशी जीप बोलावली नसती तर हे लिहायला मी नसतो.

*

शमा मला किडनी देणार हे तोवर ठरलं होतं. तपासण्या जुळल्या होत्या. तिच्या माहेरी ते कुणालाच पटलं नव्हतं. दोन मुलींची आई ऑपरेशनला का झोपवायची, असं तिच्या भावानं मला तोंडावर विचारलं आणि नंतर सहा महिने आमचा उंबरा चढला नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं.

ऑपरेशन करणाऱ्या पुण्याच्या डॉक्टरांचं म्हणणं असं होतं की रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिन फार खाली आहे, अंगात ताकदच नाही. ते वर आल्याशिवाय ऑपरेशनची तारीख मिळणार नाही. म्हणजे शेवटी सगळं येऊन थांबलं चार अंड्यांवर. मी अंडी पचवली तर बायकोची किडनी मला मिळणार होती.

तेव्हा कुठं मी आहाराच्या मॅडमना खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कॅन्टीनमधून दोन उकडलेली अंडी मागवून बलक काढून त्यांनी मला समोर बसवून खायला लावलं. मी तासभर पोटावर हात ठेवून वाट बघितली. काही झालं नाही. पुढच्या खेपेला पुन्हा दोन, पुन्हा काही नाही. दवाखान्यातली अंडी पचतात आणि घरची पचत नाहीत, हे ऐकून शमा भडकली. तिच्या हाताला नावं ठेवतोय असं तिला वाटलं. दोन दिवस आम्ही मुलींमार्फत बोललो.

उलगडा नामदेवनं केला. रविवारी तो अंडी न्यायला आला होता. शमा आतून आली आणि गल्ल्याखालच्या ट्रेमधून चार अंडी घेऊन गेली. त्या ट्रेमध्ये काय असतं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, तडकलेली. टेम्पोतून माल उतरताना जी तडकतात ती गिऱ्हाइकाला देता येत नाहीत, ती घरात खायची. माझ्या बापाच्या वेळेपासून आमच्या घरात तडकलेलंच अंडं शिजतं. धड अंडं घरात नेणं म्हणजे दुकान खाणं, असं आमचे अब्बा म्हणायचे.

“किती दिसाची हायती ही?” त्यानं विचारलं.

मी अंदाजानं म्हणालो, चार दिवसांची असतील, आठ दिवसांची असतील.

“आमच्या गेटवर दुधाला जरा वास आला तरी कॅन मागारी जातुया,” नामदेव म्हणाला. “आन तू हे रोज पोटात वततूस व्हय? ते बी आजारी पोटात?”

धडधाकट होतो तोवर आम्ही ती अंडी तिखट-मीठ घालून करपेपर्यंत भाजायचो, त्यामुळे कधी कुणाला बाधली नाहीत. आता तीच शिळी, तडा गेलेली अंडी अर्धवट शिजवून, माझ्यासारख्या खचलेल्या माणसाच्या पोटात चालली होती. शमाला त्यात वावगं वाटलं नाही, कारण तिनं स्वतः वीस वर्षं दुसरं अंडं खाल्लं नव्हतं. जी बाई मला स्वतःची किडनी द्यायला निघाली होती, तिला दुकानातलं एक धड अंडं माझ्यासाठी उचलायचं सुचलं नाही. आणि मलाही सुचलं नाही.

त्या दिवसापासून माझ्यासाठी ताजी अंडी, पूर्ण उकडून, सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, बसून. जिरं आणि थोडी मिरी. लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. पहिला आठवडा ढेकर येत होते आणि भीतीनं पोट आपोआप आखडायचं. मॅडमनी मला पुन्हा एका अंड्यावर आणून हळूहळू चारपर्यंत न्यायला लावलं. पण महिन्याभरात मी चार तासांची पूर्ण पाळी बसलो. सिस्टरनी टाळी वाजवली, मला लाजल्यासारखं झालं. तुमचं कारण माझ्यासारखंच असेल असं नाही. ज्यांना अंडंच चालत नसेल, त्यांनी अंगावर काढू नये आणि कागदावरचं आपल्या मनानं बदलूही नये. सांगून टाकावं, एवढंच.

*

इथं थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण पुढचं लिहायचं टाळलं तर हे सगळं खोटं होईल.

पोट सुधारलं तशी माझी तगमग वाढली. रक्ताची तपासणी आठ दिवसांवर आली. अल्ब्युमिन वर आलं की तारीख मिळणार, आणि तारीख मिळाली की शमा टेबलावर. मी कोंबड्या कापणारा माणूस. सुरी, रक्त, कातडी, यात माझे हात कधी थरथरले नाहीत. पण तिच्या कुशीवर कुणी पेनानं खूण करणार, हे डोळ्यांसमोर आलं की मी दुकानातून बाहेर पडायचो आणि स्टँडपर्यंत जाऊन परत यायचो. दिवसातून सात-आठ वेळा. गिऱ्हाइकं दारात उभी असायची. तिच्या भावाचा प्रश्न माझ्या मागं-मागं चालायचा.

एका दुपारी घरी कुणी नव्हतं. गल्ल्याखालच्या ट्रेमध्ये तडकलेली अंडी होतीच, शमा आणि मुली अजून तीच खात होत्या. मी दोन अंडी फोडली, तव्यावर जेमतेम फिरवली आणि उभ्या उभ्या खाऊन टाकली. कशासाठी खातोय ते मला पक्कं माहीत होतं.

पाच दिवस अंथरुणाला खिळलो. दोन डायलिसिस अर्धे राहिले. रिपोर्ट खाली आला, आणि डॉक्टर म्हणाले, दीड महिन्यानं बघू. शमा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडली. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मला मोकळं वाटत होतं, आणि तसं वाटतंय म्हणून स्वतःची किळसही येत होती.

मी कुणालाच सांगितलं नाही. दवाखान्यातून परत आल्यावर बघतो तर तडकलेल्या अंड्यांचा तो ट्रे दुकानातून नाहीसा झाला होता. शमानं सांगितलं, आता ती अंडी उकिरड्यात पुरायची, घरात कुणी खायची नाहीत. मला वाटलं, डॉक्टरांनी तिलाही जपायला सांगितलंय म्हणून असेल.

*

दीड महिना मी नेमानं खाल्लं. मागच्या सोमवारी रिपोर्ट आला आणि या वेळी तारीखही मिळाली. शमानं घरी आल्या आल्या मुलींच्या परीक्षेचं, कोण कुणाच्या घरी राहील त्याचं ठरवायला सुरुवात केली. मी ओट्यावर येरझाऱ्या घालत होतो. शेवटी मला राहवलं नाही. ती अंडी सोलत होती, तिच्यासमोर जाऊन बसलो.

“मागच्या टायमाला पोट बिघडलं ते आपोआप न्हाय बिघडलं,” मी म्हणालो. “मी मुद्दाम खाल्ली व्हती. तडकलेली.”

ती सोलत राहिली. मान वर न करता म्हणाली, “ठावं हाय मला. ट्रेमधी दोन खाचा रिकाम्या व्हत्या, आन तव्यावर अंडं चिकटलेलं व्हतं. तुमाला तवा घासाय कुठं येतोय?”

“मग बोलली का न्हाईस?”

“काय बोलू? ट्रे काढून टाकला.”

मी तिला सांगितलं की मला भीती वाटते. माझी नाही, तिची. ती टेबलावरून उठली नाही तर मी मुलींना काय तोंड दाखवू? मी आहे असाच बरा आहे, आठवड्यातून तीन दिवस तर जायचं. हे सगळं मी एका दमात बोललो आणि उठायला लागलो. तिनं ओल्या हातानं माझं मनगट धरलं, सुया टोचून टोचून गाठ आलेल्या जागेच्या जरा खाली.

“बसा,” ती म्हणाली. “भ्या मला बी वाटतं. तुमी नामदेवभाऊच्या गाडीवर बसून जाता ना, तवापासनं एसटीतनं उतरस्तवर वाटतं. दीड वर्स झालं, आठवड्यातनं तीन डाव. टेबलावर मला एकदाच भ्या वाटंल.”

मी बसलो. तिनं बलक काढून पांढरं माझ्या ताटलीत ठेवलं, वर जिरं टाकलं आणि स्वतःही एक अंडं घेतलं, ताज्या ट्रेमधलं. आम्ही दोघांनी तिथंच बसून खाल्लं.

पुढच्या बुधवारी पुण्याला भरती व्हायचंय. पोट ठीक आहे. मी मात्र हे लिहितानाही चार वेळा उठलोय, आणि दर वेळी आत जाऊन ती काय करतेय ते बघून आलोय.